कडेची लेन सोडली म्हणून

काल रात्री पप्या कट्ट्यावर आला तोच तोंड पाडून, बसायच्या आधी मोबाईल आमच्या नाकासमोर धरला आणि म्हणाला हे वाचा आधी. कंपनीच्या ॲपवर लाल पट्टी, खाली "लेन नियमभंग ३, कारण ६० अक्षरांत लिहा", आणि १२ वाजायच्या आत लिहिलं नाही तर स्कोर कट. पप्या ट्रेलर चालवतो. नियम एका ओळीचा आहे, लोडेड गाडी कायम कडेच्या लेनमध्ये, बाहेर पडायचं नाही, पडलास की डॅशकॅम पट्टा ओलांडलेला टिपणार.

तात्या ३० वर्षं स्टेअरिंगवर काढून आता घरी बसलेत. ते लगेच म्हणाले, मग बरोबरच आहे की, जड गाडीनं कडेनं जावं यात कंपनीनं नवीन काय सांगितलं?

"तात्या, तिघांतला पहिला नियमभंग तर ऐका ना. पुढं रॅम्प, त्यावरून तीन गाड्या चढतायत, पहिलावाला ४० नं येतोय आणि मी ८० नं, मागं फुल लोड. त्याला वाटतं ट्रक थांबेल, मला माहितीये की थांबणार नाही. एअर ब्रेकमध्ये पाय दाबल्यापासून हवा पोचेपर्यंतच अर्धा सेकंद जातो, तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढं. आणि तो येतोय कुठून तर क्लीनर साईडनं, म्हणजे डावीकडून, जिथं आरशात मला सगळ्यात कमी दिसतं. मधली लेन मोकळी होती, इंडिकेटर दिला आणि सरकलो. काय चुकलं?"

आमच्यात एकजण ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात सेफ्टी बघतो (पप्याच्या कंपनीत नाही, दुसरीकडे), त्याला सगळे साहेबच म्हणतात. तो म्हणाला, सरकलास ते ठीक, परत कसा आलास ते सांग. बाहेर पडताना ड्रायव्हर साईडचा आरसा असतो, शेजारचा दिसतो. कडेला परत येताना तू त्याच आंधळ्या बाजूला येतोस, आणि आमच्याकडं ज्या फाईली येतात ना त्यातल्या भरपूर ह्या परत येण्याच्या असतात, बाहेर पडण्याच्या नाहीत. शिवाय मधल्या लेनमध्ये तुझ्या दोन्ही बाजूला गाड्या, समोर काही झालं तर पळायला जागा कुठंय?

हे पटण्यासारखं होतं. पप्यालाही पटलं बहुतेक, कारण त्यानं विषय बदलला.

म्हणे, अंतराचं काय मग? पुढच्या गाडीपासून ४ सेकंद ठेवा असा दुसरा नियम. ८० च्या स्पीडला एका सेकंदात २२ मीटर, म्हणजे ४ सेकंदाला जवळजवळ ९० मीटर मोकळी जागा समोर ठेवायची. ती कारवाल्यांना आमंत्रणच वाटते. एक घुसतो, मी पाय काढतो, परत अंतर करतो, दुसरा घुसतो. जोरात ब्रेक लागला तर हार्श ब्रेकिंगचा वेगळा लाल ठिपका, म्हणजे कट मारणार तो आणि स्कोर जाणार माझा.

इथं मी गप्प बसलो, कारण तो कारवाला मीच. मला खरंच वाटायचं की ट्रकवाला झोपलाय म्हणून एवढी जागा सोडलीय, ती जागा त्याच्या ब्रेकची आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. बोललो नाही तेव्हा, इथं लिहितोय.

मग तात्यांनी विचारलं दुसरा नियमभंग कसला. पप्या जरा चाचरला. पुढचा ट्रक ७८ नं चालला होता म्हणे.

"आणि तुझा गव्हर्नर, म्हणजे गाडीचा वेग अडवणारं यंत्र, कितीला लावलंय?"

"८०."

रोलर (रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे म्हणून रोलर) त्यानं मोबाईलवर तिथंच हिशोब मांडला. दोन्ही गाड्या १६ मीटरच्या धर, मागं ३० मीटर आणि पुढं ३० मीटर सोड, झाले ९२ मीटर. फरक ताशी २ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरच्या थोडं वर. पावणेतीन मिनिटं लागतात राजा, आणि तेवढ्यात तू रस्त्यावर साडेतीन किलोमीटरच्या वर गेलास, सगळा वेळ शेजारच्याला चिकटून, मागं रांग. मिळवलं काय?

"तो सारखा डुलत होता, मला त्याच्या मागं राहायचं नव्हतं," पप्या म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. तात्या म्हणाले, डुलत होता तर मागंच राहायचं, शेजारी नाही. संपलं.

तिसऱ्यावर मात्र भांडणच झालं नाही. कडेला एक गाडी उभी, माणूस उकिडवा बसून टायर बदलतोय, पाठ रस्त्याकडं. पप्या म्हणाला त्याचा शर्ट वाऱ्यानं फुगलेला दिसला आणि मी पूर्ण लेन सोडली, लिहू दे काय लिहायचं ते. साहेबानं पण मान डोलावली, म्हणाला आमच्याकडं तर हे नियमातच आहे, कडेला माणूस दिसला की लेन सोडायची, तुमच्या कंपनीनं अपवाद लिहायचाच विसरला. किंवा विसरला नसेल, असं मी म्हणालो. एका ओळीचा नियम असला की अपघात झाल्यावर सोपं पडतं, नियम होता, ड्रायव्हरनं मोडला. साहेब यावर काहीच बोलला नाही, नुसता रस्त्याकडं बघत बसला.

मध्येच रोलरचं लेक्चर झालं की सगळे जड ट्रक एकाच लेनमध्ये घातले की ती लेन खचते, चाकांच्या दोन चऱ्या पडतात, पावसात तिथंच पाणी साचतं. अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये इलिनॉयमध्ये ट्रक गोल गोल फिरवून चाचणी घेतली होती, त्यावरून हिशोब निघाला की एक्सलवरचं (चाकांच्या आसावरचं) वजन दुप्पट केलं तर रस्त्याचं नुकसान साधारण १६ पट. म्हणजे जी लेन सगळ्यात सेफ म्हणून दिली तीच आपण सगळ्यात आधी फोडतो. पप्या म्हणाला हे ६० अक्षरांत बसव.

मग सगळे मिळून कारण लिहायला बसलो. पावणेबारा झाले होते. बरंच खोडून शेवटी झालं, "रॅम्पच्या गाड्या, टायर बदलणारा माणूस, एक माझी चूक". साहेब म्हणाला चूक हा शब्द काढ, एकदा फाईलला लागला की कायमचा. तात्या म्हणाले राहू दे, खरं आहे ते.

पप्यानं तो शब्द खोडला, परत लिहिला, परत खोडला, आणि मोबाईल तात्यांच्या हातात दिला.