एकच छिद्र म्हणजे कमी इजा? लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेबद्दल फिरणारा एक चुकीचा हिशेब

लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेबद्दल एक मजकूर व्हॉट्सॲपवर आणि रील्समधून सतत फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो: पूर्वी पोटाला पाच भोकं पाडत, आता बेंबीतून एकच. म्हणून वेदना पाचपट कमी, हर्नियाची भीती नाही, डाग नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसला. जो सर्जन अजून पाच भोकं पाडतो तो मागे राहिलेला.

एका छिद्रातून स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग कापून त्याची अरुंद नळी उरवणारी) होते, हे खरं आहे. 2008 पासून तसे अहवाल छापून आलेत, आणि निवडक रुग्णांवर, सराव असलेल्या हातांनी ती नीट पारही पडते. चुकतो तो त्यावरून मांडलेला हिशेब. एकेक मुद्दा घेऊ.

“पाचाऐवजी एक, म्हणजे जखम कमी”

भोकं मोजण्यापेक्षा मिलिमीटर मोजा. नेहमीच्या पद्धतीत साधारण दोन छिद्रं 12 मिमीची आणि तीन 5 मिमीची असतात. बेरीज 39 मिमी. एका छिद्राच्या पद्धतीत बेंबीवरचा छेद 25 ते 30 मिमीचा असतो, कारण त्यातून कॅमेरा, दोन अवजारं आणि स्टेपलर असं सगळंच जायचं असतं. म्हणजे त्वचेवर वाचले जेमतेम सेंटीमीटरभर.

पण पोटाची भिंत साध्या बेरजेने चालत नाही. छेद जितका लांब, तितका त्याच्या कडांवर ताण जास्त, आणि हा ताण लांबीच्या प्रमाणात नाही तर ढोबळमानाने तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 12, 12, 5, 5, 5 यांचे वर्ग मिळवले तर 363 येतात; एकट्या 30 चा वर्ग 900. पाच बारीक भोकांपेक्षा एक मोठं भोक भिंतीला जड जातं ते असं.

आणखी एक गोष्ट रील्समध्ये कधीच नसते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून बाहेर काढायचा असतो. अवजारं कितीही बारीक करा, हा तुकडा बाहेर यायला एक वाट लागतेच. निमुळत्या टोकाकडून धरून हळूहळू ओढला तर तो 12 ते 15 मिमीच्या, थोड्या ताणलेल्या छिद्रातूनही येतो. फुगीर टोकाकडून ओढला तर अडकतो, कधी फाटतो, आणि मग आतला द्रव जखमेत सांडतो. म्हणजे एक छिद्र ऐसपैस हवंच. प्रश्न बाकीच्यांचा आहे.

“वेदना पाचपट कमी”

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं तीन ठिकाणांहून येतं: त्वचा आणि स्नायूंवरचा घट्ट पांढरा पडदा, आतली जठराची जखम, आणि पोट फुगवायला वापरलेला कार्बन डायऑक्साइड. या वायूमुळे श्वासपटल चुरचुरतं आणि दुखतो मात्र खांदा, कारण दोन्हींच्या संवेदना मानेतल्या त्याच मज्जामुळांतून जातात. शेवटच्या दोन गोष्टींना बाहेर भोकं किती याच्याशी काही देणंघेणं नाही. उरला पडदा. तो एका छिद्रात एकाच जागी लांब कापला जातो आणि तासभर ताणलेला राहतो. छिद्रांच्या जागी भूल देणारं औषध नीट टोचणं आणि वायूचा दाब गरजेपुरताच, 12 ते 15 मिमी पाऱ्याच्या आत ठेवणं, या दोन साध्या गोष्टींनी रुग्णाला जास्त आराम मिळतो.

“हर्नियाची भीती नाही”

हर्निया म्हणजे पोटाची भिंत कमकुवत होऊन आतला भाग तिथून बाहेर फुगणं. हा मुद्दा सगळ्यात उलटा आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत चार छिद्रं विरुद्ध एक छिद्र अशी तुलना 200 रुग्णांवर झाली आणि तिचे वर्षभराचे निकाल 2013 मध्ये अमेरिकेत छापून आले. चार छिद्रांच्या गटात हर्निया 1.2 टक्के, एका छिद्राच्या गटात 8.4 टक्के. दिसायला एक छिद्र सरस ठरलं, दुखलं मात्र तेच जास्त. ती पित्ताशयाची शस्त्रक्रिया होती, स्लीव्हची नव्हे. पण जाड पोटात बेंबीवरचा ताण जास्तच असतो, कमी नाही.

कारण शरीररचनेत आहे. बाजूला, बरगडीखाली छिद्र पाडलं की स्नायूंचे थर एकमेकांवर सरकून ते बऱ्यापैकी झाकून टाकतात. बेंबीपाशी असे थर नसतात, फक्त पडदा. म्हणून तिथला छेद शिवताना टाका पडद्याच्या दोन्ही कडांतून डोळ्यांनी बघून घ्यावा लागतो. चरबीच्या सात-आठ सेंटीमीटर खोल विहिरीत हे काम किचकट होतं. टाका पडद्याऐवजी चरबीत बसला तर वरून सगळं छान दिसतं आणि सहा महिन्यांनी बेंबी फुगते. बेंबीच्या घडीत घाम-मळ साचतो, त्यामुळे जखम चिघळण्याचा धोकाही असतो. चिघळलेली जखम म्हणजे हर्नियाला आमंत्रणच.

5 मिमीच्या छिद्रांचा पडदा मोठ्या माणसांत सहसा शिवावा लागत नाही. 10 मिमीपासून पुढे शिवावा, असा संकेत आहे.

“आतलं काम तर तेच”

नेमकं इथेच लक्ष द्यायला हवं. स्लीव्हचं यश बाहेरच्या टाक्यांवर नाही, आतल्या स्टेपलच्या रेषेवर ठरतं. पायलोरसपासून (जठराच्या खालच्या तोंडापासून) 4 ते 6 सेंटीमीटर अंतरावर सुरुवात, आत मापासाठी 36 ते 40 फ्रेंच (सुमारे 12-13 मिमी) जाडीची नळी, ती धरून स्टेपलरच्या पिनांनी भरलेल्या 60 मिमीच्या पाच-सहा कार्ट्रिज एकामागे एक, आणि वर अन्ननलिकेजवळ पोहोचल्यावर साधारण सेंटीमीटरभर जागा सोडून शेवट. खाली जठर जाड, वर पातळ. म्हणून कार्ट्रिजच्या पिनांची उंचीही त्याप्रमाणे बदलायची.

हे करताना दोन हात दोन बाजूंनी यावेत आणि कॅमेरा मधोमध असावा; तरच खोली कळते आणि जठर नीट ताणून धरता येतं. एका छिद्रातून तिन्ही गोष्टी समांतर आत जातात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे तीन असतात, आणि त्या एकमेकींवर आपटत राहतात. वाकणारी अवजारं आणि वेगवेगळ्या लांबीच्या दांड्या वापरून हे कमी करता येतं, पण मग डाव्या हातातलं अवजार मॉनिटरवर उजवीकडे दिसतं. त्याची सवय व्हायला बऱ्याच शस्त्रक्रिया जातात.

ताण नीट नसेल तर दोन चुका होतात. जठराची पुढची बाजू मागचीपेक्षा जास्त ओढली गेली तर स्टेपलची रेष पिळवटते. उरलेल्या जठराची नळी रुंदीला पुरेशी असूनही स्क्रूसारखी फिरते, आणि रुग्णाला पाणीही उतरत नाही. दुसरी चूक वरच्या डाव्या कोपऱ्यात. बेंबीतून तिथवर पोहोचणं अवघड, म्हणून जठराचा वरचा फुगा थोडा मागे राहतो. पुढे वजन अडतं आणि आंबट ढेकरा सुरू होतात. उलट, तो पुरता काढायच्या नादात स्टेपलर अन्ननलिकेला चिकटला तर गळतीचा, म्हणजे स्टेपलची रेष उघडून आतला द्रव पोटात सांडण्याचा, धोका. स्लीव्हच्या बहुतेक गळत्या याच कोपऱ्यातल्या. 5 मिमीचं एक जादा भोक एका टाक्याने बुजतं. गळतीला ड्रेन (द्रव बाहेर काढणारी नळी), स्टेंट (आतून आधार देणारी जाळीची नळी), वारंवार एंडोस्कोपी (तोंडावाटे दुर्बीण) आणि काही आठवडे, कधी महिने लागतात.

म्हणूनच चालू शस्त्रक्रियेत सर्जनने जादा पोर्ट (छिद्रात बसवायची, अवजारं आत न्यायची नळी) घातला तर तो हरला असं समजू नये. न घालण्याचा हट्ट करणाऱ्याची काळजी वाटावी.

“कुणालाही चालतं”

घरच्या घरी एक माप घेता येतं. उताणं झोपा, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापासून बेंबीपर्यंत शिंप्याची टेप धरा. अंतर 25 सेंटीमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल तर बेंबीतून जठराच्या वरच्या टोकाला हात पुरवणं कठीण जातं. जाड पोटाची बेंबी चरबीच्या वजनाने खाली ओघळलेली असते. नेहमीच्या पद्धतीतही कॅमेरा म्हणूनच बेंबीत न घालता तिच्या बराच वर घालतात. मग काही जण एकच छिद्र बेंबीच्या वर घेतात. तिथे ते लपत नाही, आणि लपण्यासाठीच तर सगळा आटापिटा होता! जास्त बीएमआय, आधीचं पोटाचं ऑपरेशन, मोठं फॅटी लिव्हर, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं): यातलं काही असेल तर एका छिद्राचा आग्रह सोडलेला बरा.

“रोबोट असेल तर एकच छिद्र”

नेहमीच्या, चार हातांच्या रोबोटला 8 मिमीची छिद्रं लागतात, वर स्टेपलरसाठी 12 मिमीचं. संख्या कमी होत नाही. एका छिद्राचा वेगळा रोबोट आहे; त्याचीच नळी 25 मिमीची.

“दुसऱ्या दिवशी ऑफिस”

घरी थांबावं लागतं ते टाक्यांमुळे नाही, पाण्यामुळे. नव्या नळीत एका वेळी 30 मिली, एवढंच जातं. दर 15 मिनिटांनी 30 मिली धरलं तर तासाला 120 मिली. दीड लिटर व्हायला साडेबारा तास. दिवसभर हेच काम. त्यात मीटिंग बसवायची म्हटली की पाणी राहतं, लघवी गडद होते, चक्कर येते आणि सलाईनसाठी परत भरती. बैठ्या कामाला एक ते दोन आठवडे धरा. वजन उचलायचं काम असेल तर चार ते सहा. हे पाच छिद्रांनाही लागू आहे आणि एकालाही.

मग छिद्रं कमी करता येतात का?

येतात, आणि एकदम एकावर न जाता. पहिलं वाचतं ते यकृत उचलून धरायचं छिद्र. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो. तो बाजूला ठेवायला छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली 5 मिमीच्या छेदातून वाकडी पोलादी सळई घालतात. तिच्याऐवजी पोटाच्या भिंतीतून दोरा ओवून झोळीसारखा आधार देता येतो, किंवा बाहेरून चुंबकाने यकृत धरून ठेवणारं उपकरण वापरता येतं. दुसरं वाचतं मदतनीस सर्जनचं 5 मिमीचं छिद्र. अशी तीन छिद्रांची स्लीव्ह अनेकांना मानवते, आणि तिच्यात दोन हातांमधलं अंतर शाबूत राहतं.

मात्र फॅटी लिव्हर फुगलेलं आणि ठिसूळ असेल तर झोळीचा दोरा त्यात रुततो आणि रक्तस्राव होतो. म्हणून आधी दोन आठवडे 800 ते 1000 कॅलरींचा, कमी कर्बोदकांचा आहार देतात. यकृत खरोखरच आक्रसतं. यातला धोका मधुमेहींना. इन्सुलिनचा किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा डोस तोच ठेवला तर साखर धाडकन उतरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर रक्तात आम्ल साचतं, तेही कधीकधी साखर फारशी वाढलेली नसताना. हे बदल डॉक्टरांनी लिहून द्यावेत. मनाने करू नयेत.

अजिबात छिद्र नको असेल तर तोंडावाटे एंडोस्कोपने जठराला आतून टाके घालून ते अरुंद करता येतं. यात काही कापून काढत नाहीत, आणि वजनही त्या मानाने कमी उतरतं: 2022 मध्ये छापलेल्या चाचणीत वर्षभरात सरासरी 13.6 टक्के, तर स्लीव्हनंतर साधारण 25 ते 30 टक्के. ही वेगळी प्रक्रिया आहे. तिला ‘बिनटाक्याची स्लीव्ह’ म्हणून विकणं चुकीचं.

“डाग राहत नाही”

5 मिमीची खूण वर्ष-दीड वर्षात फिकट पडते, शोधावी लागते. पण तेवढ्या काळात 35-40 किलो उतरले तर पोटाची त्वचा झालरीसारखी लोंबते, आणि बेंबीतला लपवलेला व्रण त्या सुरकुत्यांत ताणून वेडावाकडा होतो. काही जण पुढे ती जादा त्वचा काढून घेतात. त्या शस्त्रक्रियेचा छेद कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातो, आणि बेंबीसाठी त्वचेत नवीन भोक पाडून ती पुन्हा बसवतात.