‘ज्याचं स्वतःचं घर टिकलं नाही तो निवारा काय चालवणार?’ : अमळनेरच्या भाऊंना उत्तर

भाऊ, एवढी लांब कमेंट लिहिलीत त्याबद्दल आधी थँक्स, नाहीतर लोक अंगठा दाबून पुढं जातात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की बेघरांच्या निवाऱ्याचा कारभार रस्त्यावर राहिलेल्यांच्याच हातात द्या हे मी भावनेच्या भरात लिहिलं, ज्याचं स्वतःचं घर टिकलं नाही तो निवारा काय चालवणार, डॉक्टर व्हायला आधी आजारी पडावं लागतं का, आणि हे सगळं फॉरेनचं फॅड आहे.

डॉक्टरचंच घ्या. गोळी डॉक्टर लिहितो, पण कुठं दुखतंय ते पेशंटच सांगतो ना? आपल्याकडे तेवढंच विचारायचं राहून जातं.

आमच्यासोबत रात्रीच्या राउंडला एक ताई येतात, काही वर्षं भुसावळ स्टेशनच्या आसपास काढलेल्या. आमची शिकलेली पोरं झोपलेल्या माणसाचा पाय हलवून उठवायची, तो दचकून शिव्या घालायचा, ताई मात्र जरा लांब उकिडव्या बसतात, अहिराणीत काहीबाही बोलत राहतात, आणि समोरचा आपणहून उठून बसतो. निवाऱ्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न जेवणाचा नसतो, ‘मन्ही थैली कोठे ठेवू?’ हा असतो. त्या थैलीत आधार कार्ड, बीपीच्या गोळ्या, मुलाचा नंबर लिहिलेला कागद, सगळा संसार. लॉकर नसला तर माणूस येतच नाही हो, बाहेर थैली उशाला तरी राहते.

गेटचं पण तसंच. हॉटेलात भांडी घासणारा सुटतो बाराला आणि गेट बंद दहाला, मग रजिस्टरवर लिहायचं की लाभार्थी येत नाहीत! बायका झोपतात उजेडात, चहाच्या टपरीजवळ, लेकरंवाल्या कुटुंबाला खेटून, आणि आम्ही टॉर्च घेऊन अंधारे कोपरे शोधतोय. हे ताईंनी दाखवलं, कुठल्या मॅन्युअलात नव्हतं.

आणि घर टिकलं नाही म्हणजे काय हो? कुणाला भावांनी काढलं, कुणी धडगाव-अक्कलकुव्याकडून कामाला आला आणि मुकादमानं पैसे बुडवले, कुणी डोक्यानं बिघडला आणि घरच्यांनी गाडीत बसवून दिलं तो जंक्शनला उतरला. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर बेघर मोजले गेले, ते सगळे नालायक होते काय?

फॉरेनचं म्हणाल तर भायखळा तर आपलाच ना. १९८५ साली सुप्रीम कोर्टाचा फुटपाथवाल्यांचा निकाल आला, त्याच काळात भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायका स्वतः लोकांची मोजणी करायला उभ्या राहिल्या, पुढं महिला मिलन म्हणून एकत्र आल्या, पैसे साठवले, आणि आपल्या घराचा आराखडा पण त्यांनीच ठरवला, १४ फूट उंच, वर पोटमाळा. पुढं मानखुर्दला घरं उभी राहिली. लंडनमध्ये ग्राउंडस्वेल म्हणून संस्था आहे, तिथं बेघर राहिलेली माणसं आज बेघर असलेल्यांना दवाखान्यात सोबत घेऊन जातात. अमेरिकेत तर बेघरांच्या कामासाठी केंद्राचा पैसा घेणाऱ्या स्थानिक मंडळावर बेघर असलेला किंवा राहिलेला एक तरी माणूस हवाच, असा नियम आहे. एकच म्हणजे शोभेचा, हे माझं मत.

आपल्याकडे २०१४ च्या फेरीवाला कायद्यात नगर पथविक्रेता समितीवर ४० टक्के जागा निवडून आलेल्या फेरीवाल्यांना आहेत. हातगाडीवाला समितीवर बसला तर कुणी म्हणत नाही की आधी दुकान टाकून दाखव. मग निवाऱ्याच्या बाबतीतच का?

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. कालच रस्त्यावरून उठलेल्याच्या हातात किल्ल्या आणि कॅशबुक देऊ नये. ट्रेनिंग पाहिजे, सोबतीला हिशोब जाणणारा पाहिजे, आणि जुन्या जखमा रोज रोज उघड्या पडतात म्हणून सुट्टी पण पाहिजे. दारूचं म्हणालात, पिणारा मॅनेजर नको हे मान्य, पण ते पदवीवाल्याला पण लागू करा भाऊ.

एक राहिलंच, मानधन. कार्यक्रमात ताईंना बोलावतात, रडकथा सांगायला लावतात, शाल-नारळ देतात आणि एसटीचं भाडं विसरतात. त्याच स्टेजवरचा कोऑर्डिनेटर पगारी असतो. ताईंनी आता सांगून टाकलंय की रात्रपाळीचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्या, शाली पेटीत खूप झाल्या.