पैसे लावले की लढत दिसत नाही

आज सकाळी एमएमएच्या (मिश्र मार्शल आर्ट्सच्या) लढतींविषयी बोलणाऱ्या आमच्या एका गटात कोणीतरी स्क्रीनशॉट टाकला. काल पंचांच्या निर्णयावर हरलेल्या एका लढवय्याला त्याने स्वतः पाठवलेला संदेश त्यात होता. ‘तू माझे पैसे बुडवलेस’ अशी सुरुवात होती. पुढचे शब्द मी इथे लिहिणार नाही. खाली कितीतरी जणांनी हसण्याच्या खुणा टाकल्या होत्या आणि त्यांतले अनेक जण माझ्या ओळखीचे आहेत. जो माणूस पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या मार खात उभा राहिला, त्याला घरी बसलेल्या माणसाने हे लिहावे आणि आपण हसावे, हे गैर आहे. ते का गैर आहे, हे तुम्हाला समजावून सांगण्याची गरज मला वाटत नाही.

संदेश वाचल्यावर मला माझ्या धाकट्या भावाची आठवण झाली, कारण जवळपास असाच संदेश त्यानेही एकदा लिहिला होता.

२० ऑगस्ट २०२२ ची सॉल्ट लेक सिटीतील कमरू उस्मान आणि लिऑन एडवर्ड्स यांची लढत आम्ही दोघांनी एकत्र पाहिली. लढतीआधी मी नेहमीप्रमाणे वहीत टिपण काढले होते. ‘उस्मान, निर्णयावर’ हे त्याचे पहिले दोन शब्द. उस्मान यूएफसीमध्ये (एमएमएच्या लढती भरवणाऱ्या कंपनीत) तोवर एकदाही हरलेला नव्हता, २०१५ मध्ये त्याने एडवर्ड्सला निर्णयावर हरवले होते, आणि प्रतिस्पर्ध्याला रिंगणाच्या जाळीशी दाबून धरण्याची त्याची ताकद पाच फेऱ्यांत हळूहळू समोरच्याचा दम काढते, असे मी लिहिले होते. नेट डियाझविरुद्धच्या २०२१ च्या लढतीत एडवर्ड्स पाचव्या फेरीच्या शेवटच्या मिनिटात डगमगला होता, हेही त्यात होते. खाली मात्र मी आणखी एक ओळ लिहिली होती: एडवर्ड्स साउथपॉ (डावखुरा लढवय्या) आहे, त्याच्या डाव्या पायावर शेवटपर्यंत लक्ष ठेवावे. भावाने पहिले दोन शब्द वाचले आणि पैसे लावले.

लढवय्यांच्या अभ्यासाला आज ‘पिक्स’ (कोण जिंकेल याचे तयार अंदाज) म्हणून जे रूप आले आहे, त्यावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. विश्लेषण हे नेहमी ‘जर’ आणि ‘तर’ यांत बोलते. होली होमने नोव्हेंबर २०१५ मध्ये रोंडा राउझीला दुसऱ्या फेरीत डोक्यावरच्या लाथेने पाडले, तेव्हा जग थक्क झाले. राउझीने त्याआधीच्या तीन लढती अनुक्रमे १६, १४ आणि ३४ सेकंदांत संपवल्या होत्या आणि होमच्या यूएफसीमधल्या आधीच्या दोन्ही लढती निर्णयापर्यंत रखडल्या होत्या, त्यामुळे सट्ट्याचा भाव राउझीच्या बाजूने झुकलेला असणे स्वाभाविक होते. परंतु राउझी प्रतिस्पर्ध्याला पकडण्यासाठी सरळ रेषेत धावून येते आणि होम ही मुष्टियुद्धातली माजी विश्वविजेती, अंतर राखून बाजूला सरकणारी साउथपॉ आहे, एवढे दोन मुद्दे शेजारी ठेवले असते तर एक खरा प्रश्न उभा राहिला असता: पकड बसलीच नाही, तर राउझीकडे दुसरे काय आहे? हा प्रश्न मांडणे म्हणजे विश्लेषण. ‘राउझी, पहिली फेरी, डोळे झाकून लावा’ हे विश्लेषण नव्हे, आणि होम जिंकल्यानंतर ‘मला माहीतच होते’ म्हणणे तर मुळीच नव्हे.

‘लॉक’, ‘शंभर टक्के’, ‘खात्रीचा पिक’ ही भाषा मला आता असह्य होऊ लागली आहे. भाव १.२५ असेल (एक रुपया लावला तर जिंकल्यावर सव्वा रुपया परत) तर त्यात ८० टक्के शक्यता धरलेली असते, म्हणजे असा खेळाडू सरासरी पाचांतून एकदा हरणार हे त्या आकड्यातच लिहिलेले असते. समोरच्याचा भाव ४ असेल तर त्याची शक्यता २५ टक्के होते. दोन्हींची बेरीज १०५ भरते आणि वरचे ५ हे भाव देणाऱ्याचे मार्जिन असते. असे पाच ‘खात्रीचे’ खेळाडू एका पार्लेमध्ये (सगळे जिंकले तरच पैसे देणाऱ्या एकत्रित पैजेत) गुंफले, की पाचही जिंकण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्याही खाली येते. हा शाळेतला गुणाकार आहे. तो लपवून स्वतःचे पिक्स विकणाऱ्यांना मी अभ्यासक म्हणणार नाही.

पैसे पणाला असले की माणूस बारकाईने अभ्यास करतो, हे मला मान्य करावे लागते; वजन उतरवताना खंगलेला चेहरा, ऐन वेळी बदललेला प्रतिस्पर्धी, २५ फुटांच्या लहान केजमध्ये (जाळीबंद रिंगणात) पळायला कमी उरणारी जागा, यांकडे माझे लक्ष पैसे लावणाऱ्यांच्याच लेखनाने वेधले. पण तोच अभ्यास लढत सुरू होताच आंधळा होतो, हे मी माझ्या शेजारी बसलेल्या माणसात पाहिले आहे.

त्या लढतीच्या पहिल्या फेरीत एडवर्ड्सने उस्मानला पकडून जमिनीवर पाडले, म्हणजे टेकडाउन केले. यूएफसीमध्ये उस्मानला तोवर कोणीही असे पाडू शकले नव्हते. मी अक्षरशः उठून उभी राहिले, कारण माझ्या टिपणाचा पायाच हलला होता. भाऊ म्हणाला, “ताई, काही नाही, पुढे वसूल करेल.” दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत उस्मानने खरोखरच लढत ताब्यात घेतली आणि तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर तो पुढे होता. पाचवी फेरी संपायला जेमतेम एक मिनिट उरले, तेव्हा भाऊ पडद्याकडे पाहतही नव्हता. तो फोनवर हिशोब करत होता. एडवर्ड्सने डाव्या हाताचा ठोसा दाखवला, उस्मानने तो चुकवण्यासाठी डोके हलवले आणि त्याच बाजूने डावा पाय डोक्यावर आला; उस्मान बेशुद्ध पडला आणि लढत एडवर्ड्सने जिंकली. वर्षानुवर्षे पाहत आलेल्या या खेळातला इतका सुंदर, इतका शांत डोक्याने रचलेला क्षण माझ्या भावाने पाहिलाच नाही. त्याला फक्त निकाल कळला. पुढच्या दहा मिनिटांत त्याने उस्मानला उद्देशून एक संदेश टाइप केला होता. मी तो वाचला आणि फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

आमच्यात त्या दिवशी जे बोलणे झाले ते चांगले नव्हते. मी त्याला नको तेवढे बोलले. टिपण माझे होते, माझाही अंदाज चुकला होता, आणि तरीही मला दुःख नव्हते, उलट आनंद होता. हा फरक त्याला शांतपणे सांगायला हवा होता.

पैसा केवळ प्रेक्षकालाच बिघडवतो असेही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये यूएफसीने आपल्या लढवय्यांना यूएफसीच्या लढतींवर पैसे लावण्यास मनाई केली. पुढच्याच महिन्यात एका लढतीआधी काही तासांत भाव अचानक सरकले, आणि हरलेल्या खेळाडूने आपली दुखापत नियामकांना सांगितली नव्हती, हे नंतर उघड झाले. अशा वेळी रात्र रात्र जागून पाहिलेल्या जुन्या चित्रफितींचा आणि टेकडाउनच्या आकड्यांचा काय उपयोग, असे कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही.

सकाळी लिहायला घेतले तेव्हा मी फार संतापले होते. आता तो स्क्रीनशॉट टाकणाराही कदाचित माझ्या भावाच्याच वयाचा असेल, असे मनात येत आहे. काही महिन्यांनी भावाने ती पाचवी फेरी माझ्याबरोबर पुन्हा पाहिली, या वेळी पैशांविना. ठोसा दाखवण्याच्या क्षणी त्याने चित्र थांबवले, मागे नेले, पुन्हा पाहिले. मग बराच वेळ काही न बोलता बसला आणि म्हणाला, “ताई, उस्मानने चूक केलीच नाही गं. तो ठोसा कोणीही असाच चुकवला असता.”

गटात मी त्या मुलाला लिहिले आहे की तो स्क्रीनशॉट काढून टाक आणि त्या लढवय्याची क्षमा माग. अजून उत्तर आलेले नाही.