परदेशी वाहवा आणि घरचा हिशेब

समकालीन कलेचा विषय निघाला की आपल्याकडे एक आक्षेप ठरलेला असतो: देशाच्या जखमा उघड्या करून दाखवणाऱ्या कलाकारांनाच परदेशात डोक्यावर घेतात. मुंबईच्या चित्रकार आणि व्हिडिओ-कलाकार नलिनी मलानींना २०२३ साली जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला, दहा कोटी येनचा, तेव्हाही पुण्याच्या माझ्या मामेभावाने फोनवर हेच ऐकवलं. "फाळणी, दंगली, बलात्कार. ताई, दुसरं काही असतं का त्यांच्या व्हिडिओंत? तुमच्या तिकडच्या लोकांना हेच हवं असतं."

मी बरीच वर्षं लंडनमध्ये राहते, आणि त्याच्या बोलण्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आपल्या बाजूच्या दुःखाचं इथल्या कलाजगताला आकर्षण आहे. दालनाच्या दाराशी लावलेल्या मजकुरात चार ओळींत फाळणी उरकलेली असते. लोक ती वाचतात, हळहळतात आणि पुढच्या दालनात जातात. ते बघताना मला खुपतं. पण बघणाऱ्याच्या या उथळपणाचं खापर करणाऱ्याच्या माथी का फोडायचं?

मलानींची कारकीर्द लंडन-पॅरिसने घडवलेली नाही. जन्म १९४६चा, कराचीचा. फाळणीनंतर कुटुंब आधी कोलकात्याला आणि मग मुंबईला आलं. शिक्षण मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत. विद्यार्थिदशेतच, १९६४ ते ६७ या काळात, ब्रीच कँडीच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना स्टुडिओ मिळाला. त्या एका वास्तूत हुसेन आणि गायतोंडे चित्रं काढायचे, गच्चीवर अल्काझींची नाटकं व्हायची, रविशंकरांचं संगीत विद्यालयही तिथेच होतं. विशीच्या आतल्या मुलीला अशा शेजारात काम करायला मिळणं याची किंमत पैशात करता येत नाही.

पुढे १९६९ साली अकबर पदमसींनी आपल्या नेहरू फेलोशिपचा पैसा स्वतःच्या चित्रांवर न लावता एक कार्यशाळा काढली: व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप. चित्रकारांनी कॅमेरा हाताळावा, फिल्मवाल्यांनी चित्रकारांशी बोलावं, एवढा साधा हेतू. तेवीस वर्षांच्या मलानींनी तिथे 'ड्रीम हाउसेस' केली. घरांचे छोटे नमुने, त्यांवर रंगीत प्रकाश, आणि आठ मिलिमीटरच्या फिल्मवर एकेक चौकट टिपत केलेलं चलतचित्र. नव्या वास्तुरचनेतून सगळ्यांना चांगली घरं मिळतील, असा विश्वास त्या वेळच्या हवेत होता आणि तो या फिल्मभर पसरलेला आहे. पुढे १९७६ साली त्यांनी तिच्या शेजारी दुसरी, कृष्णधवल फिल्म ठेवली, त्यात एक तरुणी उंचावरून मुंबईकडे बघते आहे. दोन्ही मिळून नाव 'युटोपिया'. घरांच्या स्वप्नाचं मुंबईत काय झालं ते सांगायला एकही शब्द खर्च केलेला नाही. आज इथले समीक्षक व्हिडिओकलेच्या इतिहासात या जोडफिल्मचा उल्लेख आदराने करतात. ती झाली मात्र मुंबईत, एका मुंबईकर चित्रकाराच्या दिलदारपणामुळे.

त्या काळी ही वाट कुणी मळलेली नव्हती. मधल्या काळात फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिस झालं, पण मलानी परत आल्या आणि बरीच वर्षं मुख्यतः चित्रंच करत राहिल्या. मग १९९२ साली जहांगीर आर्ट गॅलरीच्या माडीवरच्या केमोल्ड गॅलरीत त्यांनी थेट भिंतींवर चित्रं काढली, 'सिटी ऑफ डिझायर्स'. प्रदर्शन संपल्यावर ती पुसून टाकली. नाथद्वाऱ्याची भित्तिचित्रं दुर्लक्षाने नाहीशी होत होती, त्याची चीड त्यामागे होती. विकायला काहीच शिल्लक न ठेवणारं हे प्रदर्शन करणाऱ्या बाईवर "परदेशी बाजारासाठी माल तयार करते" असा आरोप करताना जरा थांबायला हवं. पुढच्याच वर्षी मॅक्सम्युलर भवनात अलकनंदा समर्थ यांच्याबरोबर त्यांनी ग्रीक पुराणकथेतल्या मीडिया (Medea) या बाईवरचा नाट्यप्रयोग केला. चित्रांच्या गॅलरीत ठरावीक लोकच येतात, त्यांच्या पलीकडे पोचायचं होतं म्हणून त्या रंगमंचाकडे आणि व्हिडिओकडे वळल्या.

आणि मग 'रिमेंबरिंग टोबा टेकसिंग'. पोखरणच्या मे १९९८च्या अणुचाचण्यांनंतरचं हे काम. उर्दू लेखक मंटोच्या 'टोबा टेकसिंग' या कथेत फाळणीनंतर दोन देश आपापल्या वेड्यांची अदलाबदल करायला निघतात, आणि बिशनसिंग दोन्हीकडच्या तारांच्या मधल्या, कुणाच्याही नसलेल्या जमिनीवर कोसळतो. मलानींनी काय केलं? जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका, प्रत्येकीत गोधड्या-पांघरुणांमध्ये ठेवलेला एकेक टीव्ही, त्यांवर घर सोडून निघालेल्या माणसांची दृश्यं. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बाया, एक भारतातली आणि एक पाकिस्तानातली, एकच साडी दोन टोकांनी धरून तिची घडी घालू बघतात. मध्ये अख्खी खोली, आणि त्या खोलीत आपण उभे. अणुस्फोटाची दृश्यं सुरू होतात आणि घडी काही पुरी होत नाही.

हे आधी मुंबईत दाखवलं गेलं, आणि तेही एखाद्या वातानुकूलित गॅलरीत मोजक्या निमंत्रितांसाठी नाही, तर प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. शाळेच्या सहली आणि गावाकडून मुंबई बघायला आलेली कुटुंबं जिथे येतात, तिथे. लंडनच्या प्रेक्षकाला ट्रंक ही एक वस्तू दिसते. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत निर्वासित सिंधी कुटुंबं उतरली आणि तिथे उल्हासनगर उभं राहिलं, हे ज्याला माहीत आहे त्याला ती ट्रंक कुणाची ते सांगावं लागत नाही. हे काम आपल्याला उद्देशून आहे. परक्यांनी ते नंतर बघितलं.

परक्यांच्या जखमांना त्यांनी हात लावला नाही, हेही खरं नाही. इथल्या नॅशनल गॅलरीने त्यांना बोलावलं ते गॅलरीच्या स्वतःच्या चित्रसंग्रहावर काम करायला, आणि ते काम २०२३ साली तिथे लागलं. ही गॅलरी १८२४ साली उभी राहिली ती जॉन ज्युलियस अँगरस्टीनची ३८ चित्रं विकत घेऊन. तो लॉइड्समधल्या सागरी विम्याच्या धंद्यातला बडा माणूस, आणि त्या काळी त्या धंद्यात गुलामांच्या जहाजांचेही विमे उतरवले जात. अशा घरात जाऊन मलानींनी तिथल्याच अभिजात चित्रांवर आपल्या रेषा सोडल्या. नऊ प्रोजेक्टर, खोलीच्या भिंतींभर पसरलेली दृश्यं, आणि आयपॅडवर बोटाने काढलेली चलतचित्रं. मागे जुन्या चित्रातली एखादी देखणी जखम किंवा शस्त्र धरलेला हात मोठा होऊन येतो. त्यावर झरझर एक मुलगी उमटते, धावते, विरते. पुन्हा मूळ चित्र दिसतं, पण आता आपण त्यातल्या बाईकडे आणि नोकराकडे बघायला लागलेलो असतो. कामाचं नावच 'माय रिअॅलिटी इज डिफरंट'. माझ्या शेजारी उभे असलेले एक वयस्कर इंग्रज गृहस्थ बराच वेळ हलले नाहीत. हळहळून पुढच्या दालनात जाण्याची सोय इथे त्यांना नव्हती. चित्रं त्यांचीच होती.

मामेभावाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग इथे का नाही दिसत आम्हाला?" मला वाटतं खरा वाद इथे सुरू व्हायला हवा होता, आणि आपण नेमका इथेच तो सोडून देतो.

नॅशनल गॅलरीत शिरायला पैसे पडत नाहीत. दुपारच्या सुट्टीत पंधरा मिनिटं व्हिडिओ बघून माणूस कामावर परत जाऊ शकतो. इथेही सरकारी अनुदानं आटत चालली आहेत, धनिकांच्या देणग्यांवरून भांडणं होतात, तेव्हा इथे सगळं आलबेल आहे असं सांगून मी कुणाला फसवणार नाही. पण विकत घेतलेलं काम जपलं जातं, आणि व्हिडिओच्या बाबतीत जपणं हेच निम्मं काम आहे. फिल्म खराब होते, टेप वाचणारी यंत्रं मिळेनाशी होतात, प्रोजेक्टरचे दिवे उडतात. कुणीतरी पगारी माणूस वर्षानुवर्षं हे सांभाळत बसावा लागतो. आपल्याकडे काय झालं? ज्या पदमसींनी ती कार्यशाळा काढली, त्यांच्या 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' या फिल्मची एकुलती एक प्रत हरवली ती कायमची. भुलाभाई इन्स्टिट्यूटची वास्तूही राहिली नाही. मलानींचा मोठा सिंहावलोकनी आढावा २०१४ साली दिल्लीत घेतला गेला, तो किरण नाडर यांच्या खासगी संग्रहालयाने. त्याबद्दल कृतज्ञ राहावं, पण महाराष्ट्राच्या सार्वजनिक संस्थांची जबाबदारी त्याने संपत नाही.

विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या जे.जे.त या कामांच्या प्रती असाव्यात, विद्यार्थ्यांनी त्या पडद्यावर, पूर्ण आकारात बघाव्यात. एवढ्यावर माझं समाधान नाही. फाळणीला २०२७ साली ऐंशी वर्षं होतील. त्या वर्षी 'टोबा टेकसिंग' उल्हासनगरच्या एखाद्या सभागृहात लावावं, महिनाभर आणि विनामूल्य. त्यासाठी चार प्रोजेक्टर, बारा टीव्ही आणि बारा ट्रंका लागतात. आपल्या कुठल्याही महापालिकेला हा खर्च जड नाही.