'तर'च्या पुढचं

उद्या मराठीचा पेपर म्हणून लेकीनं रात्री पावणेआठला वही माझ्यापुढे आदळली. 'जर पाऊस पडला, तर पीक येईल.' यातलं मुख्य वाक्य कोणतं, गौण कोणतं?

"पुढे बसतो तो मुख्य," मी ठोकून दिलं. "पंगतीत बघत नाहीस? पाऊस पडला, हे मुख्य."

पुस्तक नेमकं उलटं निघालं. 'जर'वालं गौण, 'तर'वालं मुख्य. शिवाय 'जर' गाळला तरी कुणाचं काही अडत नाही. (पाऊस पडला तर पीक येईल. आठवण तरी झाली का त्याची?) 'तर' मात्र हवाच.

"पण 'पडला' म्हणजे भूतकाळ ना? पाऊस तर अजून पडायचाय."

मी पाणी प्यायलो.

तेवढ्यात कोपऱ्यातून माळ ओढता ओढता आई म्हणाली, "आत्याबाईला मिशा असत्या, तर काका म्हटलं असतं."

मी ते वाक्य झेलूनच घेतलं. "हा संकेतार्थ, म्हणजे अटीचं वाक्य! 'मिशा असल्या तर' म्हटलं की आत्याबाईंच्या ओठाकडे एकदा निरखून बघावंसं वाटतं. 'असत्या' म्हटलं की विषय मिटला. 'ल' आहे तोवर आशा आहे, 'त' आला की कारभार आटोपला." इतकं बरं मी शाळेतही कधी बोललो नव्हतो.

स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, आठच्या आत दूध आणलं नाहीत तर..."

पुढे नुसती फोडणी तडतडली.

"बाबा, यातलं मुख्य वाक्य?"

"अध्याहृत आहे. न बोलता कळायचं."

मुख्य वाक्याशिवाय अर्थ पुरा होत नाही, असं पुस्तकात छापलंय. आमचे गुरुजी 'आता आवाज आला तर...'च्या पुढे कधी गेले नाहीत, पण वर्गातल्या साठच्या साठ पोरांना अर्थ पुरा कळायचा.

तरी वाक्यात 'ल' होता, म्हणजे अजून वाव होता. चपला अडकवल्या.

दूधवाला शटर ओढत होता. "पाच मिनिटं आधी आला असतात, तर दिली असती की साहेब पिशवी." आईनंतर अख्खं संकेतार्थी वाक्य ऐकवलं ते फक्त या माणसानं.

घरी माझे रिकामे हात बघून बायको म्हणाली, "पहिल्या हाकेला उठला असतात तर..."

लेकीनं वहीतून मान वर न काढता सांगितलं, "बाबा, 'त' आला."