जर्मनीला निघालात? चार हिताच्या गोष्टी सांगते

व्हिसा आला? अभिनंदन. पेढे वाटून झाले, लिंक्डइनवर 'थ्रिल्ड' असल्याचं जाहीर करून झालं, विमानतळावर आई डोळे पुसतेय तो फोटोही टाकून झाला. जायचं कसं हे सांगणारे एजंट पुण्यात पैशाला पासरी आहेत. गेल्यावर मागे राहिलेल्यांशी कसं वागायचं हे मात्र कोणी सांगत नाही. ते मी सांगते, फुकट. माझी पात्रता काय म्हणाल, तर मी मागे राहिलेली आहे. आमचे मावसबंधुराज आठ वर्षं श्टुटगार्टात असतात आणि त्यांचे आईवडील कोथरूडमध्ये, माझ्या घरापासून स्कूटरने सात मिनिटांवर. एवढीच माझी पात्रता, सात मिनिटं.

तर पहिली गोष्ट. जाण्याचं कारण 'पगार' असं चुकूनही सांगू नका. 'इथे सिस्टिमच नाही' म्हणा. 'लोकांना सिव्हिक सेन्स नाही' म्हणा. रस्ता, खड्डा, हॉर्न, थुंकणं या क्रमाने चढत जा. (यातलं खोटं काहीच नाही. मीही रोज भूमकर चौकात पाऊण तास उभी असते. फक्त मी त्याचं भाषण करत नाही, कारण ऐकणारे सगळे त्याच चौकात उभे असतात.)

ही सिस्टिम सोडून जाताना खर्चासाठी मात्र इथल्याच सिस्टिमकडे बघा. विद्यार्थी म्हणून जाणार असाल तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. बाबांची एफडी असतेच. ती मोडली की 'सेल्फ-मेड' हा शब्द वापरायला मोकळे.

सामान. २३ किलोत आईचं तूप बसवू नका. बाहेरून आलेल्यांच्या सामानातलं दूधदुभतं युरोपीय संघाला चालत नाही. हे आईला आदल्या रात्री सांगा, कढवून झाल्यावर.

भाषेकडे लक्ष द्या. जर्मन येईल तेव्हा येईल, आधी मराठी बदला. पहिले सहा महिने 'आपल्याकडे' म्हणायला हरकत नाही. मग 'इंडियात'. दोन वर्षांनी 'तुमच्याकडे'. आमच्या बंधुराजांनी हा प्रवास चौदा महिन्यांत पुरा केला. 'तुमच्याकडे अजून वीज जाते का गं?' असं त्यांनी विचारलं तेव्हा मावशी माझ्याकडे बघायला लागली. म्हणजे आपण नक्की कोणाकडे बसलोय, हेच तिला कळेना.

रेल्वेचं कौतुक करताना आकडे सांगू नका. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या. सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर धरायचा नाही आणि रद्द झालेली गाडी मोजायचीच नाही, असं धरून हा आकडा. या हिशेबाने आमची डेक्कन क्वीनसुद्धा जर्मन आहे.

फोन रविवारीच करा. तिकडे रविवारी दुकानं बंद, भिंतीला ड्रिल मारायला बंदी, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायलासुद्धा बंदी. करण्यासारखं उरतं काय? आईवडील.

बाळ होणार असेल तर आईला जरूर बोलवा. शेंगेनच्या व्हिजिटर व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, ३०,००० युरोंचा विमा काढला की झालं. आमची मावशी ८९ दिवस राहून आली. त्या ८९ दिवसांत तिने श्टुटगार्ट किती पाहिलं हे मी विचारलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक चर्च दिसतं म्हणाली. छान आहे म्हणे.

आईवडिलांना कायमचं का नेत नाही, असं कोणी विचारलं तर कायदा सांगा. कायदा खरोखरच आहे. १ मार्च २०२४ पासून कुशल कामगारांना आईवडिलांना बोलावून घ्यायची सोय झाली, पण ज्यांना तिथे राहण्याचा परवाना त्या तारखेपासून पुढे पहिल्यांदा मिळाला त्यांनाच. वर म्हाताऱ्यांचा आरोग्यविमा मिळवून दाखवायचा, तो वेगळाच डोंगर. बंधुराजांचा परवाना जुना. ही दुःखद बातमी त्यांनी आम्हाला दिली तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता, मी नीट ऐकला. मग लगेच ते म्हणाले, 'एनीवे.'

नागरिकत्व घ्याच. २०२४ च्या जूनपासून पाच वर्षांत मिळू शकतं. जुनं सोडा असा आग्रह आता जर्मनी धरत नाही, तो आपण धरतो. २०२२ मध्ये २,२५,६२० जणांनी भारताचा पासपोर्ट सोडला, तेव्हा सोबत भरपूर आहे. घरी सांगताना 'फक्त कागद बदलतोय' म्हणा आणि त्या दिवशी कुर्ता घाला.

पुण्याला याल तेव्हा दहाच दिवस या. त्यातले दोन जेटलॅगचे, दोन दातांच्या डॉक्टरकडचे (तिकडे तारीख मिळत नाही, हे मोठ्याने बोलायचं नाही), तीन मित्रांचे, एक तुळशीबागेतला, एक बँकेतला. उरलेल्या दिवशी आईवडिलांसमोर बसा आणि घरात कमोडशेजारी धरायला दांडी का नाही, असं त्यांना विचारा. मग जा. दांडी कोणी बसवायची हा प्रश्न तसाच ठेवून जा.

आता कितवी गोष्ट झाली ते विसरले. पण ही सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वडील पडतील. रात्री दोन-चाळीसला, बाथरूममध्ये, ऑगस्टात. तेव्हा तुमचा फोन सायलेंटवर असला पाहिजे. तिकडे अकरा वाजून दहा मिनिटं झालेली असतात आणि वर्क-लाइफ बॅलन्स नावाची गोष्ट आपण जाऊनच मिळवलेली असते. आई तुम्हाला चार वेळा फोन करेल, मग भाचीला करेल. भाची एका रिंगमध्ये उचलेल. भाचीला बॅलन्स नसतो.

भाची पावसात जाईल. वॉचमन, वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा आणि ती मिळून वडिलांना चादरीत उचलतील, कारण लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. कॅज्युअल्टीत पन्नास हजार डिपॉझिट मागतील, ती कार्ड सरकवेल. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन लागेल, असं पहाटे पाचला कळेल. फॉर्मवर सही करताना 'पेशंटशी नातं' या रकान्यात काय लिहायचं, इथे ती अडेल. मेहुणीची मुलगी, असं लिहायला त्या रकान्यात जागाच नसते. काउंटरवरची बाई विचारेल, मुलगा कुठाय? आणि स्ट्रेचरवरचे काका, ज्यांना कण्हण्यापलीकडे गेले दोन तास काही बोलता आलेलं नाही, ते मान वळवून सांगतील, 'जर्मनीत असतो.' तो आवाज ऐकायला हवा होता तुम्ही. कण्हणं थांबलं होतं त्या दोन शब्दांपुरतं.

सकाळी साडेदहाला तुमचा फोन यावा. पहिलं वाक्य, 'मला उठवलं का नाही?' दुसरं, 'हेच हॉस्पिटल का?' तिसरं, 'इथे असतं तर सात मिनिटांत अँब्युलन्स आली असती.' (सात मिनिटांत मी आले होते, पण ते असो.) दुपारपर्यंत तुम्ही चॅटजीपीटीला एक्सरे दाखवलेला असावा आणि सर्जनला विचारायचे अकरा प्रश्न भाचीला पाठवलेले असावेत. सर्जन राउंडला चार मिनिटं येतो. भाचीने दोन प्रश्न विचारले तर उरलेल्या नऊंचा हिशेब मागा.

लगेच येता येत नाही, हे सगळ्यांना समजतं. जर्मनीत कायद्याने वर्षाला किमान वीस दिवस सुट्टी मिळते आणि बऱ्याच कंपन्या तीस देतात, हे आम्हाला बंधुराजांनीच शिकवलंय. दर दिवाळीला शिकवतात. तीसपैकी उरले होते दोन. बाकीचे क्रोएशियात गेले होते, जुलैत. फोटो छान आलेत.

मग डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही शीट पाठवा. गूगल शीट. नाव 'बाबा रिकव्हरी व्ही ३'. आधीची दोन कुठे गेली ते विचारू नका. तारीख, बीपी, शुगर, प्यायलेलं पाणी मिलीलिटरमध्ये, वॉकरने टाकलेली पावलं, शौचाला झाली की नाही, मूड एक ते पाच. रकाना रिकामा राहिला की आपोआप लाल होतो. सगळ्यात वर 'ओनर' लिहिलेलं आणि त्यापुढे माझं नाव. स्पेलिंग चुकलेलं.

गेल्या मंगळवारी मी ऑफिसात रिव्ह्यूमध्ये होते. स्क्रीन शेअर केलेला. कोपऱ्यात नोटिफिकेशन आलं, सगळ्या टीमने वाचलं: 'तीन दिवस स्टूलचा डेटा नाहीये. आपण थोडं प्रोॲक्टिव्ह राहायला हवं.'

आपण!

आठ वर्षांनी 'तुमच्याकडे'वरून 'आपण'वर गाडी आली ती इथे. माझ्या वेळेवर, माझ्या पेट्रोलवर, माझ्या हाफ-डे रजांवर बसायला हे 'आपण' आलं. नर्सिंग ब्युरोचा माणूस न सांगता दांडी मारतो तेव्हा काकांना कमोड चेअरवर बसवायला 'आपण' कुठे असतो? फिजिओवाला म्हणाला सकाळी आठला येतो आणि साडेअकरापर्यंत आला नाही, तेव्हा दारात उभं कोण होतं? नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचाय. काकांचं बोट मशीनवर उमटत नाही, पाच वेळा पुसून लावावं लागतं. तिथे व्ही ३ लावायची का? आणि मला एक सांगा, त्या एवढ्या रकान्यांत मावशी कुठे आहे? बहात्तर वर्षांची बाई तीन महिने रात्री सलग झोपलेली नाही. तिचं बीपी कोण बघतंय? तिचा मूड एक ते पाचमध्ये किती? तिला लाल करणारा फॉर्म्युला आहे का त्यात?

वाचकहो, माफ करा. मी सूचना देत होते. पण आता तुमच्याशी नाही बोलत मी.

तू वाचतोयस ना? वाचशीलच, तुला सगळं फॉरवर्ड होतं.

तू गेलास याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तुला सोडायला विमानतळावर मीच आले होते. मॅक्स म्युलर भवनात मीही बी १ पर्यंत जर्मन शिकले, तुझ्या बाजूच्या बाकावर, तुझ्यापेक्षा बावीस मार्क जास्त पडले होते मला. मग माझे बाबा गेले आणि आईला एकटं टाकायचं नाही असं मी ठरवलं. मी ठरवलं. त्याचं बिल मी तुला कधी पाठवलेलं नाही आणि पाठवणारही नाही. पैसे तू पाठवतोस, वेळेवर पाठवतोस, डिपॉझिटचे त्याच दिवशी परत केलेस, हे मी सगळ्यांना सांगते. मावशी तर दूधवाल्यालासुद्धा सांगते.

पण मी तुझी व्हेंडर नाही रे. माझ्याकडून अपडेट मागायचा नसतो, मला फोन करायचा असतो. 'कशी आहेस' असं एकदा, ऑगस्टपासून एकदा तरी विचारलंस? थम्सअप पाठवतोस. त्या रात्री मी ओल्या कपड्यांत सात तास कॅज्युअल्टीत बसले आणि तू संध्याकाळी थम्सअप पाठवलास, तोही पिवळा, डीफॉल्ट. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही, म्हणून सांगते. बाप तुझा आहे. 'जर्मनीत असतो' म्हणताना ज्याचा आवाज बदलतो तो तुझा बाप आहे, आणि तू त्याच्या शौचाचा ग्राफ काढतोस.

जानेवारीत नवीन तीस दिवस मिळतील तुला. त्यातले वीस घेऊन ये. दातांच्या डॉक्टरकडे जाऊ नकोस, मित्रांना भेटू नकोस. रात्री मावशीला आत झोपव आणि हॉलमधल्या दिवाणावर तू झोप, काकांना दोनदा उठावं लागतं. बाथरूममधली दांडी मी सप्टेंबरात बसवून घेतलीय, बाराशे रुपये झाले, ते राहू देत. वॉकरच्या खालची रबरी बुचं मात्र झिजलीयत, फरशीवर सटकतात. कर्वे रोडवर मिळतात, चौकातच दुकान आहे. शीटमध्ये मी ते लिहिलेलं नाही. ये आणि घेऊन ये.