‘कडा स्वच्छ आल्या, मग रेडिएशन कशाला?’ या मेसेजचं काय करायचं

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांपर्यंत पोचणारा हा मेसेज साधारण असा असतो: गाठ पूर्ण निघाली, रिपोर्टमध्ये कडा स्वच्छ आल्या, तर रेडिएशन हा निव्वळ धंदा आहे, त्याने छाती भाजते, हृदय कायमचं खराब होतं, घरातल्या लहान मुलांनाही किरणं लागतात आणि शेवटी त्यातूनच दुसरा कॅन्सर होतो. ऑपरेशन आणि रेडिएशन यांच्या मधल्या आठवड्यांत हा मेसेज पोचला की जास्त नुकसान करतो, कारण जखम भरलेली असते, बरं वाटत असतं आणि पुढचे उपचार नकोसे झालेले असतात.

आधी कडांचं बघू. काढलेल्या तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला पॅथॉलॉजिस्ट शाई लावतात आणि त्या शाईपर्यंत कॅन्सरच्या पेशी आल्या आहेत का, ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ‘मार्जिन निगेटिव्ह’, म्हणजे कडा स्वच्छ, हा शेरा त्या तुकड्यापुरताच असतो. उरलेल्या स्तनात विखुरलेल्या पेशी असल्या तर त्या कुठल्याही स्कॅनमध्ये दिसण्याइतक्या मोठ्या नसतात, आणि रेडिएशन असतं ते त्यांच्यासाठी. 1976 साली अमेरिकेत सुरू झालेल्या बी-06 या चाचणीत, कडा स्वच्छ असलेल्याच बायकांमध्ये, 20 वर्षांनी हिशेब झाला: नुसती गाठ काढलेल्यांपैकी 39.2 टक्के जणींना त्याच स्तनात कॅन्सर परतला, रेडिएशन घेतलेल्यांमध्ये 14.3 टक्के. या एका चाचणीत एकूण आयुर्मानात फरक दिसला नव्हता, आणि मेसेज लिहिणारे तेवढंच उचलतात. पण अशा 17 चाचण्यांतल्या 10,801 बायकांची माहिती 2011 मध्ये एकत्र तपासली, तेव्हा 15 वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 25.2 वरून 21.4 टक्क्यांवर आलेले दिसले. आजच्या औषधांमुळे हे सगळेच आकडे खाली आले आहेत. कडा स्वच्छ म्हणजे काम संपलं, हा निष्कर्ष मात्र तेव्हाही चूक होता आणि आजही चूकच आहे.

पूर्ण स्तन काढला असेल तर प्रश्न वेगळा. तेव्हा सरसकट रेडिएशन देत नाहीत. गाठ 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी, काखेतल्या चार किंवा जास्त लसिका गाठींत (लिम्फ नोड) कॅन्सर, किंवा त्वचेपर्यंत पसरलेला आजार, अशा वेळी ते सहसा लागतंच. एक ते तीन लसिका गाठींत असेल तर बाकीचा रिपोर्ट बघून ठरतं.

हृदयाचा मुद्दा हवेतला नाही. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये 1958 ते 2001 या काळात उपचार झालेल्या बायकांच्या अभ्यासात, हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसच्या दर एका ग्रेमागे (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) हृदयविकाराच्या मोठ्या घटनांचा धोका 7.4 टक्क्यांनी वाढलेला आढळला. तिथे सरासरी डोस 4.9 ग्रे होता. आता सीटी स्कॅनवर आखणी होते, आणि डाव्या बाजूच्या रुग्णाला खोल श्वास घेऊन रोखून धरायला शिकवतात. फुगलेलं फुफ्फुस छातीची भिंत आणि हृदय यांच्यात अंतर पाडतं, आणि किरणं तेवढ्याच वेळात सोडतात. यामुळे डोस बरेचदा एक-दोन ग्रेच्या आसपास ठेवता येतो. हे जमायला साधारण 20 सेकंद श्वास स्थिर धरता यावा लागतो, म्हणून आखणीच्या आधीच घरी सराव करावा. आणि वरची वाढ ही मूळ धोक्याच्या प्रमाणात असते: सिगारेट, रक्तदाब, मधुमेह असेल तर तीच टक्केवारी जड पडते. ‘माझ्या प्लॅनमध्ये हृदयाचा सरासरी डोस किती आहे?’ हे बेधडक विचारा. आकडा प्लॅनमध्ये असतोच.

मुलांना किरणं लागतात, ही भीती थायरॉइडसाठी दिल्या जाणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनच्या सूचनांमधून इथे आली असावी. स्तनासाठी बहुतेक वेळा वापरतात तो लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर विजेवर चालतो. मशिन बंद झालं की अंगात काहीच उरत नाही. बाहेर येऊन बाळाला कडेवर घ्यायला हरकत नाही. रुग्ण स्वतः गरोदर असेल तर मात्र आधी सांगायलाच हवं.

छाती ‘भाजते’ म्हणजे काय? लाली साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते आणि उपचार संपल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत सगळ्यात वाढते. म्हणून संपल्यावर बिघडलं म्हणून घाबरू नये. स्तनाखालची घडी आणि काख इथे कातडी ओली होऊन सोलू शकते. सौम्य साबण, साधं मॉइश्चरायझर, सैल सुती कपडे पुरतात. गरम शेक, बर्फ आणि चिकटपट्टी टाळावी. पूर्वीचे 25 दिवसांचे 50 ग्रे आता बऱ्याच जणींना 15 दिवसांत 40 ग्रे असे देतात, आणि 2020 मध्ये निकाल आलेल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीनंतर काहींना पाच दिवसांत 26 ग्रे. डोक्यावरचे केस याने जात नाहीत.

दुसऱ्या कॅन्सरचा धोका खरा आहे, पण छोटा, आणि वर्षांनंतरचा. फुफ्फुसाच्या बाबतीत तो मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांना भोवतो. तिथे सिगारेट सोडणं हाच मोठा उपाय.

आता मेसेजमधलं अर्धसत्य. रेडिएशन टाळता येतं अशा बायका आहेत: वय 65-70 च्या पुढे, छोटी गाठ, काख स्वच्छ, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा कॅन्सर. प्राइम-2 चाचणीत अशांमध्ये 10 वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर परतण्याचं प्रमाण रेडिएशनशिवाय 9.5 टक्के आणि रेडिएशनसह 0.9 टक्के होतं, आयुर्मान मात्र जवळपास सारखंच. पण ही सवलत हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी निदान पाच वर्षं घेण्याच्या बोलीवर आहे. सांधे दुखतात म्हणून वर्षभरात गोळी सोडली, तर दोन्ही संरक्षणं गेली. त्यामुळे आधीच सांधेदुखी किंवा हाडांची झीज असलेल्या बाईने रेडिएशन नाकारण्यापूर्वी गोळी झेपेल का, हे डॉक्टरांशी बोलून घ्यावं. न झेपण्याची शक्यता दिसली तर पाच किंवा 15 दिवसांचं रेडिएशन हाच तिच्यासाठी हलका मार्ग ठरू शकतो.